हार्डडिस्क दिसत नाही, म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत माझ्या मामांच्या छापखान्यात कमरेच्या वर पाणी चढलं होतं. आयर्विन पुलावरचे पातळीचे आकडे वाढायला लागले तेव्हा मामांनी आणि कामगारांनी मिळून डीटीपीचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि हाताला लागतील तेवढी कागदाची रिमं वरच्या मजल्यावर नेली. कटिंग मशीन खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढणं, भिंती धुणं, पंचनामा या सगळ्यात बरेच दिवस गेले. वीज नीट यायला लागल्यावर कॉम्प्युटर खाली आणून जोडला. त्याला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता, तरी तो सुरू होईना.

मामांचा जीव त्या मशीनमध्ये का अडकला होता ते सांगायला हवं. पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टाइपचं सॉफ्टवेअर) यांवर केलेलं गेल्या कित्येक वर्षांचं काम त्यात होतं: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची हस्तलिखितं. वर दोन दिवाळी अंकांची अर्धी लागलेली पानं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, म्हणजे सप्टेंबर हातचा गेला असता तर अंक गेलेच. नव्या कॉम्प्युटरवर हे सगळं सहज उभं राहत नाही. जुन्या आवृत्तीची श्रीलिपी, तिचा डोंगल (परवान्यासाठी कॉम्प्युटरला लावायची किल्ली), पेजमेकरची नाजूक तब्येत, सगळं ३२ बिटच्या विंडोज ७ वर जमवून बसवलेलं होतं.

पडद्यावर आधी सीमॉस चेकसम (मदरबोर्डवर साठवलेल्या सेटिंगची पडताळणीची बेरीज) चुकल्याचा आणि डिफॉल्ट सेटिंग लागू केल्याचा संदेश आला, खाली एफ१ दाबा असं लिहिलेलं. एफ१ दाबल्यावर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. बघायला आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निदान केलं, "हार्डडिस्क गेली. नवी टाकू, विंडोज मारून देतो." मामांनी मला फोन केला. "अरे, तू एकदा बघ, मग काय ते करू." मी पुण्याहून निघताना एकच सांगितलं, "मामा, तोवर कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. पडद्यावर काहीही विचारलं तरी हो म्हणू नका."

हार्डडिस्क 'दिसत नाही' ही तक्रार मी एवढ्या वेळा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे दिसत नाही? डिस्कला वीज मिळते का, ही पहिली जागा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, तिचं नाव कळतं का, ही दुसरी. बायोस तिच्यावरून बूट करायला, म्हणजे विंडोज सुरू करायला, जातो का, ही तिसरी. आणि विंडोजला ती वाचता येते का, ही चौथी. चारही ठिकाणची तक्रार वापरणाऱ्याला एकसारखीच वाटते, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि त्यांतल्या तीन ठिकाणी तुमचा डेटा बहुतेक वेळा जसाच्या तसा असतो. म्हणून क्रमाने जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मामांच्या मशीनच्या त्या एका ओळीत निम्मं उत्तर होतं. एनटीएलडीआर हा विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीचा लोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइल. विस्टापासून त्याची जागा बूटएमजीआरने घेतली. मामा वापरत होते विंडोज ७. म्हणजे कॉम्प्युटर जी डिस्क वाचून तक्रार करत होता ती विंडोज ७ ची डिस्क नव्हतीच! विचारल्यावर मामा म्हणाले, "आत दोन आहेत. जुन्या कॉम्प्युटरची ८० जीबीची तशीच ठेवलीय, जुन्या कामांसाठी." एक्सपीच्या काळातली ती डिस्क. तिच्यातलं विंडोज केव्हाच पुसलेलं, पण सुरुवातीचा बूट सेक्टर शाबूत, आणि तोच एनटीएलडीआर शोधत होता. मग ५०० जीबीची मुख्य डिस्क कुठे गेली?

प्लग काढला, कॅबिनेटची बाजू उघडली, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. पुन्हा वीज देऊन ५०० जीबीच्या डिस्कवर बोटं टेकवली. फिरत होती. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क फिरते तेव्हा बारीक, एकसारखी थरथर लागते आणि कान दिला तर सुरुवातीला हेड (डेटा वाचणारं बारीक टोक) जागेवर येतानाचा हलका आवाज येतो. ठराविक लयीत टकटक ऐकू आली असती तर मी तिथेच वीज तोडली असती. तो आवाज म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालू करून बघताना आतल्या तबकड्या आणखी खरवडल्या जाण्याची भीती असते. तशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावी. ती फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला आजही कानावर येतो. तो कुणीही ऐकू नये, आत ओल धरते आणि होती ती आशाही जाते.

आता दुसरी जागा. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. निळ्या पडद्याचा जुना अवॉर्ड बायोस, माउस नाही, सगळं बाणांच्या बटणांवर. तारीख १ जानेवारी २००९ दाखवत होता. स्टँडर्ड सीमॉस फीचर्सच्या पानावर चॅनलांची यादी होती: डीव्हीडी रायटर दिसतोय, ८० जीबीची डिस्क दिसतेय, आणि जिथे मुख्य डिस्क असायला हवी तिथे 'नन'.

या यादीत नाव येतं ते कसं, हे कळलं की पुढचा शोध सोपा होतो. बायोस प्रत्येक पोर्टवर विचारतो, 'तू कोण?' डिस्क ५१२ बाइटांचं उत्तर पाठवते. त्यात मॉडेल, सीरियल नंबर आणि क्षमता असते. त्यासाठी विंडोज लागत नाही, पार्टिशन लागत नाही, फाइली शाबूत असण्याचीही गरज नाही. त्यामुळे इथे नाव नसेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. अडचण वीज, केबल, पोर्ट किंवा डिस्कच्या सर्किटपाशी आहे. आणि नाव विचित्र अक्षरांचं येत असेल किंवा नाव बरोबर पण क्षमता शून्य असेल, तर डिस्कला स्वतःचीच अंतर्गत माहिती वाचता येत नसावी. ती गंभीर बाब.

डीव्हीडी रायटर साटाचाच, म्हणजे मुख्य डिस्कसारखाच बारीक केबलचा होता आणि दिसत होता. त्याच्या मागची डेटा केबल काढून मुख्य डिस्कला लावली, पुन्हा बायोसमध्ये गेलो, आणि डिस्कचं मॉडेल नंबरसकट नाव यादीत हजर. वर नेताना-आणताना कॅबिनेट आडवं-उभं झालं होतं आणि डिस्कची जुनी लाल केबल बिनक्लिपची होती. सात पिनांचं ते टोक इतकं लहान असतं की एका बाजूने केसभर उचललं तरी संपर्क जातो आणि वरून बघताना मात्र नीट बसलेलं दिसतं. बाजारात मिळणाऱ्या, धातूची क्लिप असलेल्या नव्या केबली दोन्ही डिस्कांसाठी आणतो म्हटलं, पण ८० जीबीची डिस्क साटाआधीच्या आयडीई पद्धतीची, रुंद पट्टीच्या केबलची. तिला हात लावला नाही. तिच्या मागचा जंपर (पट्टीवर डिस्क मुख्य की दुय्यम ते ठरवणारी बारीक टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्यवर होता आणि त्या पट्टीवर ती एकटीच होती, तेव्हा तिथे काही बिघडायचं कारण नव्हतं.

मामी चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर पुन्हा 'एनटीएलडीआर इज मिसिंग' होतं. मामांचा चेहरा उतरला. पण आता ही तिसऱ्या जागेची गोष्ट होती. या बायोसमध्ये बूटच्या दोन याद्या असतात आणि बहुतेक जण पहिलीच बघतात. पहिल्या यादीत सीडीरॉम, हार्डडिस्क, यूएसबी असा क्रम असतो. तिथे 'हार्डडिस्क' एवढंच लिहिलेलं असतं. कोणती हार्डडिस्क, ते 'हार्डडिस्क बूट प्रायॉरिटी' नावाच्या वेगळ्या उपयादीत ठरतं. डिफॉल्ट लागू झाल्यावर तिथे ८० जीबीची डिस्क वर जाऊन बसली होती. नव्या बोर्डांवरही हे असतं, तिथे नाव 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' असं काहीतरी असतं आणि ते पानाच्या तळाशी दडलेलं असतं. दुसरी डिस्क बूटच्या यादीत येतच नाही म्हणून हैराण झालेल्या कितीतरी लोकांना मी फोनवर फक्त हे पान उघडायला लावलं आहे.

५०० जीबीची डिस्क वर घेतली, एफ१० दाबून साठवलं. विंडोज ७ चे रंगीत ठिपके एकत्र यायला लागले, मामा खुर्चीतून उठले, आणि त्याच क्षणी निळा पडदा चमकून कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. पुढच्या वेळी तो स्वतःहून स्टार्टअप रिपेअर सुचवत होता. मी ते घेतलं नाही. सुरू होताना एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद करण्याचा पर्याय निवडला, म्हणजे निळा पडदा थांबून राहतो आणि वाचता येतो. शेवटी ७बी असलेला कोड. याचा अर्थ: विंडोजचा पाया लोड झाला, पण ज्या डिस्कवरून तो लोड झाला तीच डिस्क आता त्याला सापडत नाही.

बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. साटा पोर्टचं नियंत्रण दोन-तीन प्रकारे चालवता येतं. आयडीई मोडमध्ये ते जुन्या पद्धतीच्या डिस्कसारखं सोंग घेतं, म्हणजे जुन्या सिस्टिमना वेगळा ड्रायव्हर (त्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्राम) लागू नये. एएचसीआय मोडमध्ये ते आपल्या खऱ्या रूपात काम करतं. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणं, हा तिसरा. विंडोज टाकताना जो मोड असतो त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीपासून चालू राहतो. बाकीचे बंद ठेवले जातात, सुरू व्हायला वेळ लागू नये म्हणून. मागाहून मोड बदलला की विंडोजच्या हातात चुकीचा ड्रायव्हर उरतो.

मी मामांना विचारलं, "पूर्वी चालू होताना, विंडोजच्या आधी आणखी एखादा काळा पडदा यायचा का?" ते लगेच म्हणाले, "हो की. त्यात डिस्कचं नाव यायचं, मग जरा थांबायचं." तो पडदा एएचसीआयचाच. या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर एएचसीआय चालू असेल तर त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम आधी चालतो आणि पोर्टची यादी दाखवतो. म्हणजे मशीन बसवणाऱ्याने एएचसीआय निवडून विंडोज टाकलं होतं, आणि बायोसने सगळं विसरून डिफॉल्टचा आयडीई मोड घेतला होता. इंटिग्रेटेड पेरिफेरल्सच्या पानावर जाऊन मोड एएचसीआय केला. हा बदल डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही, म्हणून तो करून बघायला धोका नाही. रेडमध्ये शिरून नवा अॅरे (डिस्कांचा गट) तयार करायला होकार देणं मात्र धोक्याचं आहे, तिथे डेटा जाऊ शकतो.

अशा बोर्डावर एएचसीआय केल्यावर आणखी एक घोळ होतो. ती डिस्क स्टँडर्ड सीमॉसच्या पानावरून नाहीशी होते, कारण आता तिची ओळख तो वेगळा प्रोग्राम करून देतो. तिथे 'नन' बघून लोक घाबरून मोड पुन्हा आयडीई करतात आणि त्याच फेऱ्यात अडकतात. काळ्या पडद्यावरच्या यादीत नाव आहे ना, मग ती आहे.

विंडोज उघडलं. मामांनी सगळ्यात आधी दिवाळी अंकाचं फोल्डर उघडलं आणि एकेक पान तपासत बसले. मी त्यांना उठवलं, आणि बाहेरच्या डिस्कवर आधी सगळ्याची प्रत घ्यायला लावली. मशीन चालू झालं की लगेच काम सुरू करायचा मोह होतो. प्रत होईपर्यंत पेजमेकर उघडू नये असं मी कुणालाही सांगेन.

प्रत होत असताना या सगळ्याच्या मुळाशी गेलो. मदरबोर्डवरचा साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालवायचं आणि बायोसची सेटिंग धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. प्लग लावलेला असेपर्यंत अशक्त सेलही निभावून जातो, कारण तेव्हा पॉवर सप्लायकडूनच थोडी वीज मिळत राहते. पुरात वीज नव्हती आणि मशीन कित्येक दिवस सुटंच पडलं होतं, तेव्हा तो उरलासुरला जीवही संपला. मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होता. घड्याळाच्या दुकानातून तीस-चाळीस रुपयांना नवा आणला, बसवला, आणि तारीख, बूटचा क्रम, एएचसीआय हे सगळं पुन्हा भरलं. तारीख वेळेवर नीट करणंही महत्त्वाचं: घड्याळ २००९ दाखवत असलं की ब्राउझर बँकेच्या किंवा जीएसटीच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्रच नाकारतो आणि माणूस इंटरनेट बिघडलं समजतो.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कच्या प्रकृतीचे आकडे बघितले. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि सी५ म्हणजे वाचायला अडणारे, बदलाच्या रांगेतले सेक्टर, दोन्ही शून्य. सी७ मध्ये मात्र बराच आकडा होता. सी७ डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेवरच्या चुका मोजतो, म्हणजे बहुतांशी केबलच्या. केबल बदलली तरी हा आकडा खाली येत नाही, म्हणून तो लिहून ठेवायचा आणि आठवड्याने पुन्हा बघायचा. वाढला नाही तर केबलचाच दोष होता. मामांचा वाढला नाही.

'गेलेली' म्हणून बदलली जाणार होती ती डिस्क अशी होती. दुरुस्तीवाल्यावर माझा राग नाही, त्याला एका दिवसात वीस मशीन बघायची होती, त्या महिन्यात सगळं शहर दुरुस्तीला निघालं होतं. पण फॉरमॅट हा शब्द इतक्या सहज उच्चारला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, विशेषतः जिथे एखाद्या छोट्या धंद्याचं सगळं संचित एका डिस्कवर आहे तिथे.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. पुढे मामांनी हिशेबासाठी आणि इंटरनेटसाठी नवं मशीन घेतलं, जुनं फक्त डीटीपीला ठेवलं, नेट काढून. नव्या मशीनमध्ये मदरबोर्डवरच्या एम.२ नावाच्या खाचेत बसणारी एनव्हीएमई प्रकारची डिस्क होती आणि जुन्या कामांच्या प्रतीची डिस्क त्यात साटावर जोडायची होती. ती बायोसमध्ये येईना. बोर्डाचं माहितीपुस्तक उघडलं तर तक्त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अमुक एम.२ खाच वापरात असेल तर साटाचा अमुक पोर्ट बंद होतो, दोघांची वाट एकच आहे म्हणून. शेजारच्या पोर्टमध्ये केबल लावली, डिस्क आली. असं बऱ्याच बोर्डांवर असतं आणि कोणता पोर्ट बंद होतो ते प्रत्येक बोर्डावर वेगळं, तेव्हा पुस्तक बघण्याला पर्याय नाही.

मामेबहिणीच्या अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना सेटअपला एकही ड्राइव्ह सापडला नाही. तिला वाटलं एसएसडी गेली. बायोसच्या माहितीच्या पानावर एसएसडीचं नाव व्यवस्थित होतं. या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू केलेली येते. एसएसडी तिच्या आडोशाला जाते आणि इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला ती दिसत नाही. तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुटा करून, म्हणजे आयएनएफ फाइल दिसेल असा ठेवून, सेटअपमधल्या 'लोड ड्रायव्हर'मधून दिला की डिस्क येते. दुसरा मार्ग व्हीएमडी बंद करण्याचा. काही लॅपटॉपवर तो पर्याय लपवलेला असतो आणि बायोसच्या मेन पानावर कंट्रोल-एस दाबल्यावरच दिसतो. चालू विंडोज असलेल्या लॅपटॉपवर मात्र व्हीएमडी असं अचानक बंद करू नये, मामांच्या मशीनवर आला तसाच निळा पडदा येतो. विंडोज १० किंवा ११ मध्ये मोड बदलायचाच असेल तर आधी सेफ मोडमध्ये उघडण्याची व्यवस्था करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्यावं आणि मग ती व्यवस्था काढावी. सेफ मोडमध्ये विंडोज लागणारा ड्रायव्हर स्वतः जागा करतं.

आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो तात्पुरता थांबवावा. नाहीतर पुढच्या वेळी तो ४८ अंकी किल्ली मागतो, आणि ती किल्ली बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते हे बऱ्याच जणांना त्या दिवशीच कळतं. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर मग डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही मिळत नाही.

दोन्ही मशीनच्या बायोसची सगळी पानं मी मोबाइलवर फोटो काढून ठेवली आहेत. मामांनी त्यातल्या कामाच्या ओळी टाइप करून आर्टकार्डवर छापल्या: साटा मोड, बूटचा क्रम, कोणती डिस्क कोणत्या पोर्टला, सेल कधी बदलला. तो कागद कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवला आहे, आणि सेलच्या तारखेपुढे पुढची तारीख लिहायला त्यांनी रिकामी जागा सोडली आहे.